दारू सोडायला मदत करणारा ग्रुप: शोधायचा कसा, पहिल्या मीटिंगला जायचं कसं

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने ग्रुपच्या आधी डॉक्टरांना गाठावं. अशा माणसाची दारू एकदम तुटली, तर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. दारू सोडताना पूर्वी कधी फिट आली असेल, तर घरच्या घरी प्रयत्न करूच नका. शरीर सावरायला औषधं लागतात. ग्रुपचं काम वेगळं आहे. सोडलेली दारू सुटलेलीच राहावी, यासाठी ग्रुप.

सर्वांत पसरलेला ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं, तिथून तो सुरू झाला. सदस्य व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी एएचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आहे, त्याला ‘बारा पायऱ्या’ म्हणतात. त्यांतली ‘उच्च शक्ती’ची भाषा काहींना खटकते. ती शक्ती कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि ग्रुपलाच ती शक्ती मानणारेही पुष्कळ आहेत. तरीही जमत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी पाहा. तिथे अध्यात्म नाही, विचार आणि सवयी बदलण्याची तंत्रं शिकवतात.

मीटिंगचा पत्ता एएच्या संकेतस्थळावर, ‘मीटिंग गाइड’ अ‍ॅपवर किंवा हेल्पलाइनवर मिळतो. पण यादीवर विसंबून थेट निघू नका. ग्रुप जागा आणि वेळ बदलतात, यादी मागे राहते. मोठ्या हिमतीने गेलेला माणूस कुलूप पाहून परततो, तो बरेचदा पुन्हा निघतच नाही. म्हणून त्याच दिवशी फोन करून विचारा: आज मीटिंग नक्की आहे ना? दार कोणत्या बाजूने, कितवा मजला? भाषा कोणती? बायकांची वेगळी मीटिंग आहे का? आणि खुली की बंद? बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. खुल्या मीटिंगला नातेवाईक, मित्र, कुणीही बसू शकतं. घरच्यांसाठी अल्-अनॉन हा स्वतंत्र ग्रुप १९५१ पासून आहे. पिणारा यायला तयार नसला तरी त्यांनी तिथे जावं.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची असते. दहा मिनिटं आधी पोहोचा. दारातच कुणाला तरी ‘मी पहिल्यांदा आलोय’ एवढं सांगितलं, की पुढचं तो माणूस बघतो. आधी थोडं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, बोलून झाल्यावर सल्ला द्यायचा नाही. तुमची पाळी आली तर पहिलं नाव सांगा आणि म्हणा, ‘आज फक्त ऐकतो.’ आडनाव, नोकरी, पत्ता सांगायची गरज नाही. वर्गणीसाठी डबा किंवा टोपी फिरते. नव्या माणसाने पुढे सरकवली तरी चालतं. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं. फोटो, रेकॉर्डिंग अजिबात नको.

मीटिंग संपली की लगेच पळू नका. आमच्या मते नंतरची दहा मिनिटं मीटिंगइतकीच मोलाची. खुर्च्या आवरायला हात लावा, गप्पा आपोआप सुरू होतात. तीन जणांचे नंबर घ्या, शक्यतो पुरुषाने पुरुषांचे, बाईने बायकांचे. मग दुसऱ्याच दिवशी, तलफ नसताना, फोन करा. ‘काल मीटिंगला भेटलो होतो, नंबर चालतोय का पाहायला केला,’ इतकं पुरे. हा फोन फालतू वाटतो, पण ज्याला साध्या दिवशी फोन केला नाही, त्याला रात्री अकराला तलफ चढल्यावर लावायला बोट धजत नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. निदान सहा मीटिंग करा, दोन-तीन वेगवेगळ्या ग्रुपच्या. सुरुवातीला ९० दिवसांत ९० मीटिंग करायला सांगतात. तेवढं जमलं नाही तर मधले दिवस ऑनलाइन मीटिंगने भरा. ‘यांच्याइतकं माझं बिघडलेलं नाही’ हा विचार येईलच. तेव्हा फरक मोजण्याऐवजी साम्य ऐका: लपवून पिणं, दिलेला शब्द मोडणं, सकाळची भीती.

स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या करून घेणारा जुना सदस्य, घाईने निवडू नका. किमान वर्षभर सोबर असलेला, तुमचा फोन उचलणारा माणूस बघा. तो पैसे मागत असेल किंवा डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगत असेल, तर दुसरा शोधा. औषधं हा डॉक्टरांचा विषय.

मध्येच प्यायलात, तर पुढच्याच मीटिंगला जा. लाजेने राहिलेली एक मीटिंग बघता बघता महिनाभराची होते. दारूच्या नशेत आलेल्याला सहसा हाकलत नाहीत, शांत बसून ऐकायला सांगतात. जायची हिंमत होत नसेल तर त्या तिघांपैकी एकाला फोन करा: ‘प्यायलो. उद्या येतोय, दारात थांबाल का?’ पिणं सलग काही दिवस चाललं असेल, तर आधी डॉक्टर आणि मग मीटिंग.