क्राऊनचं ऑइल कधी बदलायचं? आधी ब्रीदर बघा

गळीत हंगामाआधी ट्रकच्या क्राऊनचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं) ऑइल तपासायचं, हे काही नवं नाही. कंपनीच्या पुस्तकातले किलोमीटर चांगल्या रस्त्याचे आणि पासिंगएवढ्या (आरटीओने मंजूर केलेल्या) मालाचे असतात. चिखलातून ऊस काढणाऱ्या गाडीने त्या आकड्यावर बसू नये, निम्म्यावरच नट उघडावा.

पण नटाआधी ब्रीदर. हौसिंगवरची, म्हणजे क्राऊनच्या लोखंडी कवचावरची, ती बोटाच्या पेराएवढी टोपी. मागच्या हंगामात मी ऑइल अगदी वेळेवर बदललं, टोपीकडे बघितलं नाही. ती चिखलाने बुजली होती. हौसिंग तापलं की आतली हवा फुगते. वरून वाट नसली की ती चाकाच्या हबच्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलते, आणि ते थेट ब्रेकच्या लायनरवर. दोनदा सील बदलले, मेकॅनिकला शिव्या घातल्या. आंबा घाट उतरताना मागचा ब्रेक धरेना, तेव्हा डोळे उघडले. म्हणून ब्रीदर आधी.

गाडी थोडी फिरवून गरम करा, सपाट जागी लावा. आधी भरायचा नट सोडवा, मग खालचा. वरचा गंजून अडकला तर रिकामं हौसिंग घेऊन बसाल. खालचा उघडण्याआधी बघा, ऑइल वरच्या भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. खाली गेलं असेल तर नुसतं ओतू नका, गळती शोधा. (आणि ब्रीदर बघितला ना?)

दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय. किलोमीटर मोजत बसू नका, बदला. 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गच पाण्याखाली गेला होता. तापलेलं हौसिंग अशा पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि पाणी ओढून घेते. काळं, जळकट ऑइलही काढाच. नुसत्या उग्र वासावर मात्र जाऊ नका, गंधकाचा वास नव्यालाही असतो. नटाच्या चुंबकावर राखाडी लगदा चालतो. धातूचे कपचे निघाले तर नवं ऑइल ओतून पैसे घालवू नका, क्राऊन उघडा. क्राऊनच्या गिअरचा नवा जोडा बसवला असेल तर पहिलं ऑइल लवकर काढा.

ऑइलचा ग्रेड नव्वद की एकशेचाळीस, ते पुस्तकात बघा. पण डब्यावर जीएल-5 (गिअर ऑइलचा दर्जा) हवंच. वॉशर नवा. नट घट्ट. तारीख, किलोमीटर केबिनमध्ये लिहा.

आणि ब्रीदर डिझेलने धुवा. टोपी बोटाने सुटी फिरली पाहिजे. फुंकून बघायचं असेल तर आधी डिझेल पुसा.