बारावीची बायोलॉजी आणि हृदयाची आकृती

दिंडोरीहून एसटीने नाशिकला यायचे तेव्हा वाटेत म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ लागायचं. ते दिसलं की मी घाईघाईने ‘रेस्पिरेशन अँड सर्क्युलेशन’चा धडा उघडायचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजीतल्या नावांचीच धास्ती होती. पण नावं महिन्या-दोन महिन्यांत तोंडात बसतात, त्यांना घाबरू नका. मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

पुस्तकातल्या हृदयाच्या आकृतीत पानाच्या उजवीकडे जाड भिंतीचा कप्पा दिसतो. मी त्याला ‘राइट व्हेंट्रिकल’, म्हणजे हृदयाचा खालचा उजवा कप्पा, समजून बसले आणि पुढचं सगळं तसंच पाठ केलं. तिथे बायकस्पिड म्हणजे दोन पाकळ्यांची झडप दिसत होती, ती उजवीकडची म्हणून डोक्यात बसली. सहामाहीच्या पेपरात आकृती सुबक आली, नावं मात्र सगळी उलटी. घरी येऊन खूप रडले.

आकृती समोर उभ्या माणसाची असते. त्याचा डावा हात तुमच्या उजव्या हाताला येतो, तसंच हृदयाचं. विश्वास बसत नसेल तर पुस्तक उघडा, आकृती बाहेरच्या बाजूला करून छातीशी धरा आणि आरशात न बघता बोटाने चाचपा. जाड भिंत तुमच्या डाव्या हाताकडे येईल. ती जाड का, तर डाव्या व्हेंट्रिकलला रक्त अख्ख्या शरीरात ढकलायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत. हे कारण कळलं की बाजू विसरत नाही. ‘आर्टरी (धमनी) म्हणजे शुद्ध रक्त’ हेही शाळेतलं वाक्य सोडून द्या. आर्टरी हृदयाकडून बाहेर नेते, एवढंच. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं.

टॉपरच्या नोट्सची झेरॉक्स घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. त्यात तिला जे अडलं ते असतं, तुम्हाला जे अडतं ते नसतं. मला खरी मदत झाली प्रयोगशाळेतल्या काकांची. त्यांनी हृदयाचं मॉडेल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “पोरी, आधी तोंड कुणीकडं ते बघ.” मोठ्या फीच्या क्लासमध्ये हे मला कोणी विचारलं नव्हतं.

बोर्डाला लेखी 70 आणि प्रॅक्टिकल 30. नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, 720 पैकी 360 गुण बायोलॉजीचे, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. म्हणजे उलटं पाठ केलेलं कोरं सोडण्यापेक्षा महाग पडतं. तरी धीर सोडू नका, दिवाळीनंतरही मी हा धडा पुन्हा पहिल्यापासून केला आणि तो जमला.

एक ठोका 0.8 सेकंदाचा: एट्रियम (वरचा कप्पा) आकुंचन पावतो 0.1, व्हेंट्रिकल 0.3, उरलेले 0.4 दोघांची विश्रांती. आज पुस्तक मिटून चार कप्पे काढा, आणि नाव लिहिण्याआधी प्रत्येक कप्प्यावर ‘त्याचा डावा’ की ‘त्याचा उजवा’ ते पेन्सिलीने लिहा.