साथीच्या काळात शर्यतीसाठी नाव नोंदवताना

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले, आणि वेताळ टेकडीवर पहाटे सराव करणाऱ्यांपुढेही प्रश्न उभा राहिला की भरलेल्या प्रवेशशुल्काचे काय होणार. म्हणून पुन्हा अशी वेळ आल्यास शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांच्या अटी शांतपणे वाचाव्यात आणि शर्यत रद्द झाली तर पैसे परत मिळतात, प्रवेश पुढील वर्षी वर्ग होतो की दोन्हीही नाही, हे लेखी पाहून घ्यावे. टोकियो मॅरेथॉन १ मार्च २०२० रोजी केवळ निवडक अव्वल धावपटूंसाठी झाली, तेव्हा इतरांना पुढील वर्षीचा प्रवेश देऊ केला गेला, मात्र शुल्क परत मिळाले नाही. परगावची शर्यत असेल तर रेल्वेचे तिकीट आणि मुक्काम रद्द करता येण्याजोगाच घ्यावा.

घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर माझ्या मते पैशांचा विचार दुय्यम ठरतो, कारण खरी गर्दी धावण्याच्या मार्गापेक्षा आरंभरेषेवर आणि सामान ठेवण्याच्या रांगेत होते.

स्वतःला संसर्ग झाला असल्यास, लक्षणे असेपर्यंत सराव पूर्ण थांबवावा आणि नंतर चालण्यापासून हळूहळू सुरुवात करावी. छातीत दुखणे, धडधड किंवा अकारण धाप जाणवली, तर डॉक्टरांच्या तपासणीआधी कोणत्याही शर्यतीत नाव नोंदवू नये. तोवर ध्येय हवेच असेल, तर पर्वतीच्या पायऱ्या गर्दी नसताना चढाव्यात.