फ्रीजवर टिकणारे लाकडी मॅग्नेट: बैल, बोंड आणि पळसाचं फूल

हाताने रंगवलेला मॅग्नेट दारावरून घसरत खाली येतो, किंवा चुंबक दारालाच राहतं आणि चित्र तेवढं हातात येतं, तेव्हा दोष रंगाचा नसतो. लाकडाची जाडी, चुंबक आणि गोंद यांचा हिशेब आधीच चुकलेला असतो. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी मागची बाजू ठरवा.

पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्यात मुलांनी मिरवायचे लाकडी बैल घडतात, तेव्हा सुताराकडे आंब्याचे आणि सागाचे तुकडे मिळतात. एरवीही कटपीस मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड तुकडे कापून घ्या. एवढ्या गोल चकतीचं वजन साधारण ६ ते ७ ग्रॅम भरतं. जाडी १० मिलिमीटर केली की वजन दुप्पट होतं, शिवाय ते दारापासून लांब जातं आणि वरची कड सुटायला लागते.

ताज्या फांदीच्या सालासकट चकत्या सुंदर दिसतात, पण लाकूड वाळताना घेराच्या दिशेने जास्त आकसतं. त्यामुळे कडेपासून मध्यापर्यंत सरळ भेग जाते. चैत्र-वैशाखात ती दोन दिवसांत दिसते. अशा चकत्या हव्याच असतील तर १ सेंटिमीटर जाड कापा, वर्तमानपत्रात गुंडाळून तीन-चार आठवडे सावलीत ठेवा आणि मग घासून पातळ करा. तरीही काही फुटतील, तेव्हा गरजेपेक्षा जास्त कापा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी पूर्ण वाळलेली आंब्याची फळीच घ्यावी.

आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा, कडा गोल करा, भुसा ओलसर फडक्याने टिपा. त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात द्या. सागावर मात्र थेट पांढरा लावू नका. सागातला तपकिरी अंश ओल्या रंगात उतरतो आणि पांढरा बैल काही दिवसांत पिवळसर होतो. सागाला आधी फ्रेंच पॉलिशचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एक हात द्या. तो वाळला की हलकं घासून प्रायमर लावा.

रंग ॲक्रिलिक. ब्रश तीन पुरे: ६ नंबरचा चपटा, २ नंबरचा गोल आणि बारीक रेषेसाठी लायनर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग प्लेटमध्येच साय धरतो. ताटलीत ओला कपडा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्या, आणि पंख्याच्या झोतात बसू नका. रंग ओढत नाही म्हणून पाणी ओतत राहिलं तर त्यातला चिकटपणा कमी होतो आणि वाळल्यावर बोटाला भुकटी लागते. रंगाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पाणी नको.

५ सेंटिमीटरमध्ये अख्खा बैल बसवायचा हट्ट सोडा. पाय काड्यांसारखे होतात आणि झुलीची नक्षी चिखल होते. तोंड, शिंगं आणि गळ्यातली घुंगरमाळ एवढंच घ्या. गवळाऊ जातीचा बैल पांढरा ते राखाडी असतो. पांढऱ्यात तपकिरीचा आणि काळ्याचा जेमतेम ठिपका मिसळा, आणि निव्वळ पांढरा कपाळाच्या उजेडासाठी राखून ठेवा.

कापसाचं फुटलेलं बोंड पांढऱ्या जमिनीवर दिसतच नाही. मागे काळ्या मातीचा रंग भरा: तपकिरीत थोडा निळा आणि कणभर काळा. कापसाचे चार किंवा पाच फुगे काढा, दोन फुग्यांच्या मधे निळसर राखाडी सावली आणि खाली वाळक्या कवचाची टोकं. पळसाला आधी पिवळ्याचा हात द्या, मग केशरी. ॲक्रिलिकचा केशरी बऱ्याचदा पारदर्शक असतो, त्याला खालून पिवळा मिळाला की फूल पेटतं. देठाकडचा मखमली काळपट भाग विसरू नका. तो नसला तर ते कुठलंही केशरी फूल वाटतं.

रंग रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. मग ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात, मधे दोन तास. आत ओल राहिली तर ब्रशबरोबर रेषा पसरतात.

आता चुंबक. १८ मिलिमीटर व्यासाचं, ३ ते ५ मिलिमीटर जाडीचं काळं फेराइट चुंबक या चकतीला आणि एक-दोन कागदांना पुरतं. ते मध्यावर न लावता थोडं वर लावा. वजन चकतीला वरून पुढे ओढतं, म्हणून वरची पकड महत्त्वाची. चुंबक खाच पाडून आत बसवलं तर दारापासून अर्ध्या मिलिमीटरचं अंतरही पकड बरीच कमी करतं. ते पृष्ठभागाच्या किंचित बाहेरच राहू द्या.

चिकटवायला दोन ट्यूबचं एपॉक्सी घ्या. चुंबक आणि लाकूड दोन्ही १२० नंबरच्या पेपरने खरवडा. मागची बाजू रंगवलेली असेल तर तिथला रंग काढाच, नाहीतर गोंद लाकडाला नाही, रंगाच्या पापुद्र्याला धरतो. साग असेल तर तो भाग स्पिरिटने पुसा, कारण त्याचा तेलकटपणा गोंदाला धरू देत नाही. राळ आणि हार्डनर समसमान घेऊन पूर्ण एक मिनिट घोटा. प्रमाण चुकलं तर गोंद कडक न होता कायमचा चिकट राहतो. ग्लू गनचा गोंद ४५ अंशांच्या दुपारी, टिनाच्या छताखाली मऊ पडतो. एका थेंबात चिकटणारा इन्स्टंट गोंद ठिसूळ असतो, मॅग्नेट झटक्याने ओढला की तुटतो.

गोंद ओला असताना चकत्या जवळजवळ किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका. चुंबकं सरकून एकमेकांकडे किंवा पत्र्याकडे जातात. लाकडी पाटावर एकमेकांपासून वीतभर अंतराने पालथ्या ठेवा, २४ तास हलवू नका.

भेट देण्याआधी समोरच्याचं दार विचारा. काचेच्या दाराला चुंबक धरत नाही, काही स्टीलच्या दारांनाही नाही. धान्याची पत्र्याची कोठी किंवा लोखंडी कपाट असेल तर तिथे छान बसतो.

घरात लहान मूल असेल तर छोटी, चकाकणारी निओडिमियम चुंबकं वापरूच नका. अशी दोन पोटात गेली तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरतात आणि मधलं आतडं चिमटून जखम होते. एखाद्याने गिळल्याची शंका आली तरी त्रास सुरू व्हायची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. मोठी फेराइट चुंबकंही महिन्यातून एकदा नखाने उचकटून पाहा आणि सैल झालेला मॅग्नेट दारावरून काढून ठेवा.