लेबलवरचा लोगो बघून खरेदी करताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर धाकट्या भावाला कॉलेजला जायला गाडी मिळाली आणि हेल्मेट आणायचं काम माझ्याकडे आलं. रस्त्याच्या कडेला दोरीवर हेल्मेटं टांगलेली असतात ना, तसल्याच एका ठिकाणी थांबले, मागच्या बाजूला आयएसआयचा स्टिकर बघितला, साडेतीनशे रुपये दिले आणि घरी आले. बाबांनी हेल्मेट हातात घेऊन आतला कपडा बोटाने बाजूला केला तर खाली पातळ स्पंज आणि त्याच्याखाली डायरेक्ट प्लास्टिक, धक्का झेलणारा जो जाड थर्माकोलचा थर असायला हवा तो नव्हताच. मग आम्ही स्टिकरवरचा नंबर मोबाइलमध्ये टाकून बघितला. नंबर खरा निघाला, पण तो होता परराज्यातल्या कुठल्यातरी पाइप बनवणाऱ्या कंपनीचा. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेले तर "ताई, सगळे हेच नेतात" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी कोणी उचलून वापरू नये म्हणून बाबांनी त्याचा पट्टा कात्रीने कापला आणि मगच ते भंगारात दिलं.

त्या दिवसापासून मी घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं लेबल उलटंपालटं करून वाचते, आणि मला एक गोष्ट पक्की कळली की लोगो हे नुसतं चित्र आहे, कोणीही छापू शकतं. विश्वास ठेवायचा तो चित्राशेजारच्या नंबरवर, आणि तोही तपासल्यावरच.

चित्र बघून थांबणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मीही तीच केली. खऱ्या आयएसआय मार्कच्या वरच्या बाजूला आयएस आणि पुढे एक आकडा असतो, तो त्या वस्तूच्या मानकाचा नंबर. हेल्मेटसाठी ४१५१, घरगुती प्रेशर कुकरसाठी २३४७, घरगुती गॅसच्या शेगडीसाठी ४२४६. खालच्या बाजूला सीएम/एल आणि त्यापुढे लायसन्सचा नंबर. वर-खाली दोन्हीकडे काही नसेल, नुसती ती तीन अक्षरं असतील, तर ती वस्तू तिथेच ठेवून द्या.

नंबर असेल तर बीआयएसचं, म्हणजे हा मार्क देणाऱ्या ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सचं, बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, फुकट आहे, त्यात लायसन्स तपासायचा ऑप्शन आहे. तिथे कंपनीचं नाव, पत्ता, कुठल्या वस्तूसाठी लायसन्स दिलंय आणि ते चालू आहे का संपलंय हे सगळं दिसतं. हे चारही बघा, कारण नुसतं "नंबर सापडला" म्हणून आपण खूश होतो आणि आमच्यासारखं पाइपच्या लायसन्सवर हेल्मेट गळ्यात पडतं. पुण्यात बोहरी आळीत कुकर घेताना मी आता दुकानात उभी राहूनच हे करते, दोन मिनिटं लागतात, आणि चांगला दुकानदार याला कधीच वाईट वाटून घेत नाही हा माझा अनुभव आहे.

काही जण विचारतात की आयएसआय जुनं आणि बीआयएस नवीन का? संस्था एकच. १९४७ मध्ये इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन म्हणून सुरू झाली, १९८७ पासून तिचं काम बीआयएसकडे आलं, मार्कवरची अक्षरं मात्र लोकांच्या ओळखीची म्हणून तशीच राहिली.

खेळण्यांनाही हा मार्क १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. तुळशीबागेत लहान मुलांना घेऊन गेलात की हे लक्षात ठेवा, बाळं ती खेळणी तोंडात घालतात हो.

चार्जरवर आयएसआय शोधत बसणं

मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांच्यावर वेगळी खूण असते, तिच्यात आर आणि पुढे आठ आकडे. बुधवार पेठेत स्वस्तातला चार्जर घेताना लोक आयएसआय दिसत नाही म्हणून चांगला माल सोडतात आणि सीई छापलेलं बघून भलताच उचलतात. सीई ही युरोपातल्या बाजारासाठीची खूण आहे आणि बऱ्याच वस्तूंवर ती बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, तिच्यावरून भारतातल्या नियमांबद्दल काहीच कळत नाही. आर नंबर त्याच अ‍ॅपमध्ये तपासता येतो.

सोन्याच्या हॉलमार्कचा सहा अक्षरी कोड न वाचणं

इथे मात्र थोडं सावकाश वाचा कारण पैसा मोठा असतो. १ जुलै २०२१ पासून सोन्याच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५, आणि तिसरा एचयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा कोड, जो प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कची सक्ती असलेल्या जिल्ह्यांत सराफाला सोन्याचे दागिने विकायचे तर हा कोड लागतोच, दोन ग्रॅमच्या आतल्या बारीकसारीक वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ सोडून.

लक्ष्मी रोडला मावशीबरोबर बांगड्या घ्यायला गेलो होतो. कोड लेझरने इतका बारीक कोरलेला की नुसत्या डोळ्यांना ओरखडाच वाटतो. सराफांनी भिंग दिलं, मावशीने वाचला, मी अ‍ॅपमध्ये टाकला, तर काहीच सापडेना. मावशीचा चेहराच पडला. मग मी बांगडी दिव्याखाली तिरकी धरून परत वाचली तर मावशीने इंग्रजीतलं बी हे अक्षर आठ म्हणून वाचलं होतं. दुरुस्त केल्यावर सगळं उघडलं: सराफाचा नोंदणी नंबर, कुठल्या सेंटरवर तपासलं, शुद्धता, आणि दागिन्याचा प्रकार. हा प्रकार नक्की बघा, हातात बांगडी आणि अ‍ॅपमध्ये अंगठी असेल तर कोड दुसऱ्या दागिन्याचा आहे. आणि कोड सापडला नाही म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, आधी ओ आणि शून्य, आय आणि एक, बी आणि आठ हे अदलाबदल करून बघा.

आजीच्या पाटल्यांवर कोड नाही म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, त्या कोड सुरू व्हायच्या आधीच्या आहेत. शंका असेल तर हॉलमार्किंग सेंटरवर आपणही तपासून घेऊ शकतो, चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि वर जीएसटी.

एका लोगोवर सगळाच भरवसा टाकणं

माझी एक मैत्रीण म्हणते, "अगं एफएसएसएआय आहे ना, मग चांगलंच असणार." तसं नाहीये. एफएसएसएआय ही खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, आणि पाकिटावरचा तिचा १४ आकडी नंबर म्हणजे खाद्यपदार्थ बनवणाऱ्याने लायसन्स किंवा नोंदणी घेतलीये एवढंच. तो हवाच, घरगुती चकली-भाजणी विकणाऱ्या काकूंकडेही हवा, पण चकली ताजी आहे का, तेल कुठलं वापरलंय याचं उत्तर त्या नंबरात नाही. दर्जाची प्रत बघायची असेल तर तूप, मध, मसाले यांच्यावर अ‍ॅगमार्क शोधा, १९३७ च्या कायद्यापासूनची ही खूण आहे आणि तिच्यात मालाची ग्रेडसुद्धा लिहिलेली असते.

पैठणीचंही असंच होतं. सिल्क मार्कचं लेबल बघून लोक समजतात की हातमागाची आहे. सिल्क मार्क फक्त एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागावर विणली का यंत्रमागावर, यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, आणि साडीवरची जर, म्हणजे ती सोनेरी-रुपेरी तार, कशाची आहे हे तर दोन्हींमधून कळत नाही. हातमागाचे पैसे देणार असाल तर हातमागाचं लेबल मागा, विणकराच्या हातात तेच पैसे जायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

आणि कंपनीच्या जाहिरातीतलं "आयएसओ ९००१ प्रमाणित"? ते कंपनीच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं, तुमच्या हातातल्या डब्याबद्दल नाही. मुळात आयएसओ ही संस्था स्वतः कोणाला सर्टिफिकेट देतच नाही, ती फक्त मानकं ठरवते.

हिरवं पान म्हणजे ऑर्गॅनिक असं समजणं

पाकिटावर हिरवं पान, खाली "नॅचरल", "फार्म फ्रेश", हे कुठलंही प्रमाणपत्र नाही. पाकीटबंद सेंद्रिय मालावर जैविक भारतचा लोगो बघा आणि त्याच्याबरोबर इंडिया ऑर्गॅनिक किंवा पीजीएस-इंडियाचा. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेती तपासून द्यायचं प्रमाणपत्र. त्यातही ग्रीन लिहिलं असेल तर ती शेती अजून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात आहे, ऑर्गॅनिक लिहिलं असेल तर पूर्ण झालीये. पण याच्या उलटी चूकही करू नका. आठवडी बाजारात छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट विकतो त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे, त्याच्याकडे लोगो नाही म्हणून तो फसवतोय असं होत नाही, त्याला काय फवारलं, कधी फवारलं ते विचारा, खरा शेतकरी भरभरून सांगतो.

स्टार मोजणं पण वर्ष न बघणं

एसी, फ्रिजच्या स्टार लेबलवर कुठल्या काळासाठी ते स्टार दिलेत हे लिहिलेलं असतं. मधे मधे निकष कडक होतात, जुलै २०२२ मध्ये एसीचे झाले तेव्हा आधीचा पाच स्टारवाला साधारण चार स्टारवर आला. सेलमध्ये जुना स्टॉक मिळतो तेव्हा हेच विसरलं जातं.

गडबड सापडली तर काय करायचं

वस्तू वापरायला काढू नका, आणि खोका, लेबल फेकू नका. लेबलचा जवळून एक फोटो, पूर्ण वस्तूचा एक, अ‍ॅपमध्ये जे दिसलं त्याचा स्क्रीनशॉट, आणि बिल. आमच्याकडे हेल्मेटचं बिलच नव्हतं, तिथेच आमची बाजू लंगडी पडली. बीआयएसच्या मार्कबद्दल तक्रार त्याच केअर अ‍ॅपमधून करता येते, बाकी कशाबद्दलही असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावा. हॉलमार्क असूनही सोनं कमी शुद्धतेचं निघालं तर जेवढी शुद्धता कमी भरली त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाकडून मिळायची तरतूद नियमात आहे, म्हणून बिलावर वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या, पैसे द्यायच्या आधीच.