टेक डायव्हर झालात, आता रेक कुठलं निवडायचं? या चुका टाळा

टेक डायव्हिंगचा, म्हणजे खोल जाऊन थांबे घेत वर येण्याच्या डायव्हिंगचा, कोर्स संपला, ट्विनसेट (जोडलेली दोन सिलिंडरं) घेतला, कार्ड हातात आलं, आणि मग बरेच जण काय करतात तर जगातल्या नावाजलेल्या रेक्सची, म्हणजे बुडालेल्या जहाजांची, यादी काढून बसतात आणि त्यातलं सगळ्यात खोल, सगळ्यात मोठं जहाज पकडतात. मला कोणी विचारलं की अनुभव वाढवायला कुठलं रेक चांगलं, तर मी आधी उलट विचारतो, तुम्हाला आत्ता नेमकं काय जमत नाहीये? डीएसएमबी (खालून पृष्ठभागावर सोडायचा खुणेचा फुगा) सोडताना खोली वरखाली होते का, गॅस स्विच करताना, म्हणजे एका मिश्रणावरून दुसऱ्यावर जाताना, गडबड होते का, करंटमध्ये दम लागतो का, व्हिज (पाण्यात दिसण्याचं अंतर) कमी झाली की बडी (जोडीदार) हरवतो का? याचं खरं उत्तर दिलंत की कुठलं रेक हवं ते निम्मं ठरलेलं असतं.

पहिली चूक, नाव बघून जाणं

आंद्रिया डोरिया हे प्रवासी जहाज १९५६ मध्ये बुडालं, साधारण ७५ मीटरवर आहे, थंड पाणी, करंट, जाळी, आणि तिथे डझनभराहून जास्त डायव्हर दगावलेत, त्यात अनुभवी लोकही होते. तरीही नवीन माणसाच्या यादीत ते वरच असतं. नवीन असताना मला विचाराल तर सायप्रसमधल्या लार्नाकाजवळचं झेनोबिया घ्या. १९८० च्या जूनमध्ये बुडालेली ही फेरी, १७२ मीटर लांब, डाव्या कुशीवर पडलीये, वरची बाजू १६-१८ मीटरवर आणि तळ ४२ च्या आसपास. म्हणजे एकाच जहाजावर आज २५ मीटर, उद्या ३५, परवा तळापर्यंत आणि थोडा डेको (वर येताना ठरलेले थांबे) असं करता येतं, आणि काही बिनसलं तर वर सरकायला जागा आहे. खोली आपण ठरवतो, जहाज ठरवत नाही. शिकायला असं रेक हवं. तुमच्या जवळ झेनोबिया नसेल, पण हाच गुण असलेलं दुसरं काहीतरी नक्की असेल, ते शोधा.

दुसरी चूक, सगळंच नवीन एकदम

नवीन बोट, नवीन बडी, नवीन स्टेज (जादाचं सिलिंडर), नवीन खोली, आणि वर पहिल्यांदा थंड पाण्यात. मी हे केलंय. एका ट्रिपला नवीन ड्रायसूट, नवीन रेग्युलेटर आणि आयुष्यात पहिल्यांदा ४८ मीटर असं सगळं एकाच डाइव्हला जमवलं, खाली पोचेपर्यंत हातातल्या कामातच इतका अडकलो की रेकचा एक पत्राही धड आठवत नाही, फक्त वर येताना स्टॉपवर थरथरत होतो एवढं आठवतं. काही झालं नाही, पण शिकलो मात्र शून्य. तेव्हापासून एका डाइव्हला एकच गोष्ट बदलतो. खोली वाढवायची तर गिअर तोच, बडी तोच. नवीन जागा असेल तर खोली ओळखीची.

गॅसचं गणित लाइनपर्यंतच्या अंतरासकट करा

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण रेकवर सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. कोर्समध्ये आपण राखीव गॅस काढतो तो सरळ वर येण्याचा. पण रेकवर तुम्ही शॉट लाइनपासून, म्हणजे बोटीतून वजन बांधून रेकवर सोडलेल्या दोरीपासून, ७० मीटर लांब असता.

४० मीटरवर दाब ५ बार. दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरा, म्हणजे पाच पट दाबाला दोघांचे मिनिटाला ३०० लिटर. प्रॉब्लेम सोडवायला दोन मिनिटं, ६०० लिटर. तिथून २१ मीटरवर ५० टक्के नायट्रॉक्सवर (निम्मा ऑक्सिजन असलेल्या मिश्रणावर) स्विच करेपर्यंत दोनेक मिनिटं, सरासरी ४ बार, म्हणजे साधारण ५०० लिटर. एकूण ११००. १२-१२ लिटरच्या ट्विनसेटमध्ये ते साधारण ४६ बार होतं, ऐकायला बरं वाटतं. आता यात लाइनपर्यंत पोहत जायची तीन मिनिटं मिळवा, अजून ९०० लिटर. झाले २०००, म्हणजे ८३ बार. आणि करंट समोरून असेल तर तीनाची पाच मिनिटं कधी होतात ते कळत नाही. म्हणून नवीन असताना मी सांगतो की पहिले काही डाइव्ह लाइनच्या आसपासच करा, किंवा डीएसएमबीवर वर यायचं असं आधीच ठरवा आणि बोटवाल्याला ते माहीत असू द्या. अर्धं हे अर्धं ते ठेवू नका.

दुसरं, खोल रेकवर हवा भरून जाणं. मायक्रोनेशियातल्या चूक (Chuuk) लगूनमधलं सान फ्रान्सिस्को मारू हे जपानी जहाज घ्या, १९४४ च्या फेब्रुवारीतल्या ऑपरेशन हेलस्टोन या अमेरिकी हल्ल्यात बुडालेलं, डेकवर रणगाडे आहेत आणि ते ५० मीटरच्या आसपास. तिथे हवेवर जाणारे आजही आहेत. हवेची घनता ५० मीटरला लिटरला साधारण ७.७ ग्रॅम होते, आणि सध्याची शिफारस ५.२ च्या आत राहा, ६.२ च्या वर जाऊच नका अशी आहे. म्हणजे नार्कोसिस (खोलीवर चढणारी नायट्रोजनची गुंगी) तर आहेच, पण श्वास जड होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो, मग माणूस विचार करायचाच थांबतो. २१/३५ ट्रायमिक्सला (२१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हीलियम, बाकी नायट्रोजन) त्याच खोलीवर ती ५.५ च्या आसपास येते. हीलियम महाग आहे म्हणून नको असं वाटत असेल तर ३० मीटरवरचं रेक निवडा, ते काही कमी नाही.

रेक सापडतच नाही, किंवा सापडतं ते भलतंच

लोक कुठूनतरी आकडे उचलतात, बोटीच्या प्लॉटरमध्ये टाकतात आणि तासभर शोधत राहतात. बहुतेक वेळा घोळ लिहिण्याच्या पद्धतीचा असतो. ५० अंश १२.५ मिनिटं आणि ५० अंश १२ मिनिटं ५० सेकंद हे एकच नाही, अर्धं मिनिट म्हणजे ३० सेकंद, म्हणजे २० सेकंदांचा फरक, आणि अक्षांशात तो सहाशे मीटरहून जास्त पडतो. दुसरा घोळ डेटमचा (नकाशावर जागा मोजायचा आधार), जुन्या चार्टवरच्या जागा जुन्या डेटमवर मोजलेल्या असतात आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो, त्यात शंभरेक मीटर सहज सरकतात. तेव्हा कोणी आकडे दिले की आधी विचारा, मिनिटं दशांशात आहेत का सेकंद आहेत, आणि डेटम कुठला.

मच्छीमारांची माहिती कमी लेखू नका. जाळं सतत अडकतं ती जागा त्यांना पाठ असते, अर्थात तिथे खडकही असू शकतो. साउंडरवर (खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) तळातून अचानक उठलेला उभट आकार आणि वर माशांचा थवा दिसला तर दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनी त्यावरून जा, मग शॉट टाका. पहिल्याच आकाराला शॉट टाकला की हमखास चाळीस मीटर बाजूला वाळूत पडतो.

आणि खोली. चार्टवर रेकजवळ लिहिलेला आकडा बहुतेक वेळा रेकच्या सगळ्यात वरच्या टोकाची खोली असते, तळाची नाही, आणि तीही चार्ट डेटमपासून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजलेली. ज्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत सहा मीटरचा फरक आहे तिथे चार्टवरचे ४२ मीटर भरतीला ४८ होतात, आणि तुम्ही प्लॅन ४२ चा केलेला असतो. गॅसही ४२ चाच. उधाणाच्या दिवसात करंटही तगडा, म्हणून अशा जागी पहिल्यांदा जायचं तर भांगाच्या दिवसात (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा) जा, अष्टमीच्या आसपास. स्लॅक (करंट थांबतो ती वेळ) मात्र भरती-ओहोटीच्या वेळेलाच मिळेल असं धरू नका, काही जागी तास-दोन तास मागेपुढे होतो. तो आकडा टेबलात नसतो, तिथल्या स्किपरच्या वहीत असतो.

जुनी माहिती

रेक हलतात. फ्लोरिडाजवळचं स्पीगल ग्रोव्ह हे जहाज २००२ मध्ये बुडवलं तेव्हा आधी उलटलं, मग कुशीवर राहिलं, आणि २००५ च्या डेनिस वादळात सरळ उभं झालं. ओरिस्कनी ही विमानवाहू नौका २००६ मध्ये बुडवली, दोन वर्षांनी गुस्ताव वादळात आणखी खोल बसली, फ्लाइट डेक आता ४४ मीटरच्या आसपास. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वीचा नकाशा घेऊन दार कुठे आहे ते शोधायला गेलात तर तिथे दार नसेलही. पत्रा गंजतो, डेक कोसळतात. या वर्षी कोणी उतरलंय का, एवढं तरी विचारून घ्या.

आत जाणं

ट्रेनिंग नसेल तर नको. आतमध्ये वरून गंजाचे कण पडतात ते तुमच्या बुडबुड्यांमुळे, फिन कितीही नीट मारलेत तरी. कुशीवर पडलेल्या जहाजात भिंत ही जमीन होते, जिना आडवा होतो, आणि मेंदू गोंधळतो. स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लोमधल्या जर्मन युद्धनौका, १९१९ च्या जूनमध्ये स्वतःच्याच लोकांनी बुडवलेल्या, त्यातल्या उरलेल्या तीन बॅटलशिप तर उलट्या पडल्यात, त्यांचा तळ तुम्हाला छप्परासारखा दिसतो. तिथे बाहेरूनच चक्कर मारत कुठला भाग कुठे आहे ते ओळखायचा सराव करा, हेच मोठं शिक्षण आहे. दोन कटर ठेवा, एक छातीवर हाताला येईल असा. पायाजवळच्या सुरीपर्यंत जाळ्यात अडकलेला माणूस पोचत नाही.

परवानगी विसरू नका. त्याच स्कापात रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका आहे, १९३९ मध्ये आठशेहून जास्त खलाशी त्यात गेले, ते युद्धस्मशान आहे आणि तिथे डायव्हिंग बंद आहे. तिथल्या जर्मन जहाजांवर जाता येतं पण काहीही उचलायचं नाही. बुक करायच्या आधी हे विचारा, बोटीत बसल्यावर नाही.

एकेकदाच जाऊन मोकळं होणं

दहा रेक्सवर एकेक डाइव्ह करण्यापेक्षा एकाच रेकवर पाच करा. पहिल्या डाइव्हला तुम्ही फक्त लाइन कुठे बांधलीये तेवढं बघता. दुसऱ्याला पुढचा भाग कळतो. तिसऱ्याला डोकं रिकामं होतं, गॅसकडे, बडीकडे, वेळेकडे लक्ष जातं, आणि तिथून पुढे खरा अनुभव जमायला लागतो. लॉगमध्ये कुठल्या खोलीवर काय दिसलं, करंट कुठून होता, लाइनपर्यंत परतायला किती मिनिटं आणि किती बार लागले हे लिहा. चौथ्या डाइव्हच्या प्लॅनला तोच आकडा वापरायचा, कोर्समधला अंदाज नाही.

बोटवाले नवीन माणसाला खोल ट्रिपला घेत नाहीत अशी तक्रार ऐकतो. वाईट वाटून घेऊ नका. त्यांना फोन करून माझे ४० मीटरचे एवढे डाइव्ह झालेत, गेले तीन महिने काय केलं, माझा गॅस प्लॅन असा आहे, तुमच्याकडे मला साजेसं कुठलं रेक आहे, असं विचारा. चांगला स्किपर तुम्हाला पहिल्यांदा ३० मीटरवर नेईल आणि वरून बघेल की तुम्ही डीएसएमबी वेळेवर सोडता का, ठरलेल्या वेळेला वर येता का. पुढच्या वेळी बहुतेक तोच फोन करतो.