देवनागरी नावांच्या फायली आणि कमांड लाइन : या चुका टाळा

लिनक्सवर फाइलचे नाव म्हणजे अक्षरे नव्हेत, बाइटांची एक ओळ असते. त्या ओळीत तिरकी रेघ आणि शून्य बाइट या दोघांनाच मज्जाव आहे. बाकीच्या बाइटांचा अर्थ काय, याच्याशी सहसा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काही देणेघेणे नसते. यूटीएफ-८ या युनिकोड चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मग ते व्यंजन असो, काना असो किंवा पायमोडीची खूण असो. मराठी नावांच्या फायलींचे जे घोळ माझ्याकडे निस्तरायला येतात, त्यांतले बहुतेक या एवढ्याशा गोष्टीचा विसर पडल्यामुळे झालेले असतात, आणि तरीही दर वेळी दोष ‘मराठीला संगणक नीट साथ देत नाही’ या समजुतीवर ढकलला जातो, याचे मला वाईट वाटते.

टीआर वापरून मराठी अंक बदलणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. नावांतील ० ते ९ हे देवनागरी अंक काढून त्यांच्या जागी इंग्रजी अंक आणायचे असले की पुष्कळ जण एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणाऱ्या टीआर या आज्ञेला ‘०-९’ आणि ‘0-9’ असे दोन पल्ले देतात आणि एका लूपमध्ये एमव्ही ही नाव बदलणारी आज्ञा चालवतात. मॅकवरचा टीआर बहुबाइटी अक्षरे ओळखतो, त्यामुळे तिथे हे बिनबोभाट चालते. लिनक्सवर सामान्यतः असणारा ग्नू कोअरयुटिल्स या मूलभूत आज्ञांच्या संचातला टीआर मात्र एकेक बाइट पाहतो. त्याला ‘०’ आणि ‘९’ दिसतच नाहीत. प्रत्येकी तीन बाइट आणि मधली आडवी रेघ दिसते, आणि तो ‘०’ च्या शेवटच्या बाइटापासून ‘९’ च्या पहिल्या बाइटापर्यंतचा भलताच पल्ला धरतो.

एका छोट्या वाचनालयाच्या १९६१ ते २००० या चाळीस वर्षांच्या वार्षिक अहवालांचे स्कॅनिंग झाले होते. दर वर्षाची एक पीडीएफ आणि ‘अहवाल-१९७७’ अशी नावे. मदतीला आलेल्या एका तरुणाने आपल्या मॅकवर चार फायलींवर करून पाहिलेली ओळ लिनक्सच्या सर्व्हरवर जशीच्या तशी चिकटवली. एकही त्रुटीसंदेश आला नाही. फायली मोजल्या तेव्हा चाळीसच्या सोळा झाल्या होत्या.

कारण शोधायला मला अर्धा तास लागला, पण ते अगदी काटेकोर निघाले. वर सांगितलेल्या चुकीच्या पल्ल्यात ७, ८ आणि ९ या तिन्ही अंकांचा शेवटचा बाइट ‘9’ या एकाच इंग्रजी अंकात बदलतो. म्हणजे १९७७, १९७८, १९७९, १९८७, १९८८, १९८९, १९९७, १९९८ आणि १९९९ या नऊ वर्षांच्या अहवालांना एकच नाव मिळाले, आणि एमव्हीने न विचारता आधीची फाइल पुसून त्या जागी पुढची ठेवली. बाकीच्या दशकांतही हेच झाले. ज्या सोळा उरल्या त्यांची नावेही ‘अहवाल’ राहिली नव्हती, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट त्याच पल्ल्यात येतो. छापील अहवाल कपाटात सुरक्षित होते म्हणून चोवीस अहवाल पुन्हा स्कॅन करता आले. त्या कामात वाचनालयाच्या दोन वयस्क कार्यकर्त्यांचे तीन दिवस गेले, आणि ते मला अजून बोचते.

या कामासाठी मी मजकूर बदलणाऱ्या सेड या साधनातील वाय ही आज्ञा वापरतो आणि दहा देवनागरी अंकांसमोर दहा इंग्रजी अंक पूर्ण लिहितो. तिचा मोठा गुण असा की लोकेल, म्हणजे भाषा आणि संकेतावली ठरवणारे सेटिंग, यूटीएफ-८ नसेल तर तिला एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला दहा चिन्हे दिसतात, दोन्हींची लांबी जुळत नाही असे ती सांगते आणि काम करायला नकार देते. जी आज्ञा चुकीच्या परिस्थितीत थांबते तीच वापरावी, हे माझे ठाम मत आहे. शिवाय एमव्हीला असलेली फाइल न पुसण्याचा एन पर्याय मी प्रत्येक वेळी देतो. नामांतराआधी जुनी आणि नवी नावे शेजारी शेजारी एका फाइलमध्ये छापून घेतो आणि नव्या नावांत दुबार नाव नाही याची सॉर्ट व युनिक या आज्ञांकडून खातरजमा करतो. या तपासणीपुरते लोकेल मुद्दाम सी ठेवतो, म्हणजे तुलना निखळ बाइटांची होते. याला दोन मिनिटे लागतात. एवढा धीर नसलेल्याने दुसऱ्याच्या फायलींना हात लावू नये.

‘वऱ्हाड’ नावाच्या तीन फायली

दुसरी चूक म्हणजे डोळ्यांना एकसारखे दिसणारे नाव एकच असते, असे मानणे. आपल्या मराठीत ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’ या शब्दांत येणारा अर्धा र तीन प्रकारे साठवलेला सापडतो. पहिल्या प्रकारात ऱ हे एकच चिन्ह असते, युनिकोडमधला त्याचा क्रमांक यू+०९३१, आणि त्यानंतर पायमोडी येते. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग पायमोडी असते. तिसऱ्यात साधा र, पायमोडी आणि त्यापुढे शून्यरुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, असतो. ‘वऱ्हाड’ हे नाव पहिल्या प्रकारात अठरा बाइटांचे होते आणि उरलेल्या दोन्हींत एकवीस बाइटांचे. लिनक्सच्या दृष्टीने ही तीन स्वतंत्र नावे आहेत आणि ती एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात.

इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले की पहिला प्रकार उमटतो. दुसरा प्रकार बहुधा जुन्या मॅक डिस्कवरून येतो, कारण एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे साठवतानाच जोडचिन्हांची फोड करते. २०१७ साली मॅकवर आलेली एपीएफएस तशी फोड करत नाही, पण जुन्या बाह्य हार्ड डिस्क अजून घरोघरी आहेत. तिसरा प्रकार काही फोनेटिक कळफलकांतून आणि जुन्या मजकुरातून येतो.

परिणाम असा की आरसिंक हे फायलींच्या प्रती जुळवणारे साधन दुसऱ्यांदा चालवल्यावर तेच फोल्डर दोनदा दिसू लागते, किंवा समोर दिसणारी फाइल नाव टाइप करून उघडायला गेले की ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळते. नवशिके मग चिडून एक प्रत उडवतात, आणि पुष्कळदा नेमकी तीच प्रत अद्ययावत असते. आधी फायलींची यादी देणाऱ्या एलएसची ओळ बाइट छापणाऱ्या ओडीला देऊन ते पाहावेत. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांतील फरक कॉनव्हएमव्ही या साधनाच्या एनएफसी, म्हणजे फोड केलेली चिन्हे पुन्हा जोडणाऱ्या, पर्यायाने मिटतो. ते साधन आपणहून फक्त काय बदलेल ते दाखवते आणि खरा बदल करायला वेगळा पर्याय मागते, ही त्याची रीत मला फार आवडते. मॅकवरून लिनक्सवर आणताना आरसिंकला संकेतावली बदलणारा आयकॉनव्ह पर्याय देऊन मॅकची यूटीएफ-८ आणि नेहमीची यूटीएफ-८ अशी जोडी सांगितली तर घोळ मुळातच होत नाही. तिसरा प्रकार मात्र एनएफसीने सुधारत नाही, कारण युनिकोड त्याला पहिल्याचा समतुल्य मानत नाही. तिथे र, पायमोडी आणि जोडक ही तिन्ही चिन्हे शोधून त्यांच्या जागी ऱ आणि पायमोडी घालण्याची स्क्रिप्ट स्वतः लिहावी लागते. सगळेच जोडक सरसकट काढून टाकण्याचा जवळचा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नये. तसे केले की ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते.

उरलेल्या चुका

टर्मिनलवर मात्रा सुट्या किंवा वेलांटी भलतीकडे दिसली म्हणून नाव बिघडले असे समजू नये. अनेक टर्मिनल प्रत्येक चिन्ह ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवतात आणि जोडाक्षरे त्यांना नीट जुळवता येत नाहीत. फाइल धडधाकट असते.

एलएसमध्ये जुन्या आवृत्तीत प्रश्नचिन्हे किंवा नव्या आवृत्तीत ३४०, २४४ असे अष्टमान आकडे दिसले, तर आधी लोकेल तपासावे. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून चालणाऱ्या स्क्रिप्टला तुमच्या टर्मिनलचे लोकेल आपोआप मिळत नाही, म्हणून ते स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहावे. फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये असेच आकडे दिसतात ते कोअर.कोटपाथ या सेटिंगमुळे, आणि ते बंद करता येते.

लिनक्सच्या एक्सटी४ या फाइलव्यवस्थेवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीची फक्त पंच्याऐंशी चिन्हे. ‘महाराष्ट्र’ या डोळ्यांना चार अक्षरी वाटणाऱ्या शब्दालाच तीस बाइट लागतात. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा वेगळ्या मापाने मोजली जाते, त्यामुळे तिथे मावलेले लांबलचक शीर्षक लिनक्सवर उतरवताना अडते. नाव आधीच आखूड ठेवावे आणि शीर्षक फाइलच्या आत लिहावे.

स्क्रिप्टमधल्या चलाला (व्हेरिएबलला) दुहेरी अवतरणचिन्हे न लावणे ही चूक इतकी जुनी आहे की तिच्यावर आणखी लिहिण्याची माझी इच्छा नाही. अवतरणे लावा. फायली शोधणाऱ्या फाइंडची यादी ती दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या एक्सआर्ग्सला देताना शून्य बाइटाने विभागलेली द्या.

जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांच्या काळातील नावे रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसतात. ती आयकॉनव्हने सुधारत नाहीत, कारण बिघाड संकेतावलीत नसून त्या फॉन्टच्या स्वतःच्या मांडणीत आहे. त्या त्या फॉन्टचा परिवर्तक शोधावा लागतो.

आणि ज्या फाइलचे नाव टाइपच करता येत नाही ती काढण्यासाठी तारांकन लावून आरएम ही फाइल पुसणारी आज्ञा चालवू नये. एलएसच्या आय पर्यायाने तिचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलव्यवस्थेतला ओळखक्रमांक, घ्यावा, फाइंडला तो क्रमांक देऊन आधी तिला साधे रोमन नाव द्यावे, ती उघडून आत काय आहे ते पाहावे, आणि मग ठेवायची की काढायची ते ठरवावे.